बुटांचं कपाट

प्रेअरी लँटर्न. जाताना अकरा नंबर, येताना बारा.
शिकागोहून रात्री सव्वानऊला सुटायची,
ओमाहाला उजाडायचं.
एवढं वडील सांगत. ते यार्डात चाकं ठोकून बघायचे.
बाकीचं मी कागदपत्रांतून उकरून काढलं.

पहिले डबे लाकडी. गॅसचे दिवे, वार्निशचा वास,
आणि एका जानेवारीत आयोवाच्या माळावर
त्यातला एक काडेपेटीसारखा पेटला.
मग पोलाद आलं. बारा चाकांचे, ऐंशी टनांचे डबे,
वर बर्थ, खाली बर्थ, मधल्या वाटेला जाड हिरवे पडदे
आणि पडद्यांतून बाहेर आलेली पावलं.
उन्हाळ्यात डब्याच्या पोटाखालच्या पेट्यांत बर्फ.
मध्यरात्री मजूर आकड्यांनी लाद्या सारत,
वर कुणी झोपेत पांघरूण ओढून घेई.

अठ्ठेचाळीस साली पन्हळी पत्र्याचे चकचकीत डबे आले,
प्रत्येकाचं बारसं झालेलं:
कॉटनवुड क्रीक, एल्क क्रीक, वीपिंग वॉटर.
(शेवटचं मी रचलेलं नाही. नेब्रास्कात त्या नावाचा ओढा आहे.)
डब्याला नाव होतं.
पोर्टरला मात्र जो तो 'जॉर्ज' म्हणे,
पन्नास पोर्टर असले तरी पन्नासही जॉर्ज.

एका माणसाची खोली म्हणजे काय, तर
भिंतीतून ओढायचा पलंग,
पलंगाखाली संडास.
रात्री लागली तर आधी अंथरूण उचला, मग बसा.
आरेखन करणारा रात्री उठत नसावा.
पण दाराशेजारी, गुडघ्याच्या उंचीवर,
त्याने एक गोष्ट फार हुशारीने केली:
बुटांचं कपाट. दोन दारांचं.
एक दार आतून, एक बोळातून.
तुम्ही बूट ठेवायचे आणि निजायचं.
पहाटे दार उघडलं की बुटात तुमचाच चेहरा.
मधे कुणाचा हात येऊन गेला
ते बघावं लागू नये, यासाठीच ती दोन दारं.

सदुसष्टला टपालाचं कंत्राट गेलं.
जेवणाच्या डब्याऐवजी सँडविचचं यंत्र आलं,
नाणं गिळायचं, सँडविच द्यायचं नाही.
शेवटच्या रात्री तीन उतारू,
त्यातले दोघे रेल्वेचेच.
वीपिंग वॉटर एका धान्याच्या कोठाराशेजारी
चाळीस वर्षं फावडी सांभाळत उभा होता.
आम्ही आणला तेव्हा सात नंबरच्या खोलीत
कबुतरीण अंड्यांवर बसलेली. तिचं होईपर्यंत थांबलो.

मग एका शनिवारी अलोन्झो पेटिफोर्ड आले.
अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, लेक बरोबर, टाय बांधलेला.
"अठरा वर्षं," एवढंच म्हणाले आणि
दांडीला हात न लावता बोळातून चालू लागले,
जणू डबा अजून धावतोय आणि यांना वळणं पाठ आहेत.
मी सात नंबरमध्ये मांडी घालून
कपाटाच्या बिजागरीला तेल देत होतो.
आतलं दार उघडंच होतं.
ते बाहेर वाकले असावेत. सवयीने.
खट्कन बाहेरचं दार उघडलं
आणि त्या वीतभर चौकोनातून
एक म्हातारा डोळा माझ्याकडे बघू लागला.

दोघेही दचकलो. हसलं कुणीच नाही.
मी काहीतरी बोलायचं म्हणून
"वेंडेल क्रुप्का," म्हणालो.
डोळा खाली सरकला, माझ्या बुटांवर थांबला.
"डावी टाच झिजवता तुम्ही, मिस्टर क्रुप्का.
कंबर बघून घ्या एकदा."

मग हात आत आला, तळवा वर.
मला वाटलं हस्तांदोलन. मीही हात पुढे केला.
त्यांनी तो बाजूला सारला,
आणि बोटाने बिजागरीवरचं जास्तीचं तेल
निपटून घेतलं.